पाकिटावरचं नाव

चंपानगर, भागलपूर
१७ नोव्हेंबर १९८५

महाप्रसादला सीताराम.

अक्षर ओळखू येणार नाही, कारण तू ते कधी पाहिलंच नाहीस. मी शाळेत चार बुकं शिकलो तेव्हा तू मागावर बसून हसायचास. बावीस वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. मी मेलेलो नाही, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे तुझा घास अडकायला नको.

रेशमाच्या कोषांचा व्यापारी दुखिया साव परवा इथं आला होता. आपल्याकडचा आहे म्हणून त्याला बसवलं, चहा पाजला आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी काढत काढत तुझ्यावर आणलं. तो म्हणाला, झटका आला, हात गेला त्याचा. उजवा. माग बंद आहे, ओसरीवर बसून असतो. मी म्हटलं, अस्सं का, आणि कोषांच्या दराचं बोलायला लागलो. तो गेल्यावर मी दिवसभर विणलं ते सगळं दुसऱ्या दिवशी उसवावं लागलं.

दुसरी बातमी त्यानं हसत सांगितली, की तुझी बायको, म्हणजे माझी मितानीण, प्रौढांच्या वर्गाला जाऊन वाचायला शिकली आणि आता रेशन दुकानदाराच्या पाटीतल्या चुका काढते. तेव्हा मितानीण, हे तुम्हीच वाचत असणार. तुम्हालाही सीताराम. जरा मोठ्यानं वाचा आणि त्याच्या उजव्या बाजूला बसा. डाव्या कानानं त्याला लहानपणापासून कमी ऐकू येतं. मागाच्या खटखटीत तो ते लपवायचा.

पाकिटावरचं नाव माझ्या हातचं नाही. महाप्रसाद म्हणून जोडलेल्या मित्राचं नाव घेत नाहीत, आणि जे घ्यायचं नाही ते लिहायचंही नाही, असं मी धरून चाललोय. शेजारी यासीन म्हणून विणकर आहे, माझ्याच वयाचा, तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "अरे बाबा, तू नाव सांगितल्याशिवाय मी काय लिहू, माझं कपाळ?" शेवटी परतीला निघालेल्या दुखिया सावला गाठलं, नाव त्यानं उच्चारलं, यासीननं लिहिलं आणि मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. यासीनला वाटलं, हिंदूंच्या डोक्यात भुसा भरलाय.

आता मुद्द्याचं. महाप्रसाद गेला की दुसऱ्या महाप्रसादानं खांदा द्यायचा, डोकं भादरायचं, दहाव्याला तळ्यावर पाणी द्यायचं. सख्ख्या भावाच्या आधी त्याचा मान. ती जागा माझी होती आणि तू ती चार माणसांत मोडलीस. मोडली तशी जोडताही येते, तुलाही ठाऊक आहे. चार माणसांत मला एकदा महाप्रसाद म्हण. कुणाकरवी निरोप धाड की म्हटलं. मी पहिल्या गाडीनं निघतो. मला तुझ्याकडून दुसरं काही नको, आणि हे मिळेपर्यंत मी गप्प बसणार नाही.

बिसाहू


खैरडीह
५ डिसेंबर १९८५

सीताराम.

पत्र मिळालं. वाचून दाखवलं. काही वगळलं नाही. मला वेळ लागतो, एक ओळ दोनदा वाचावी लागते, म्हणून तुमचं पत्र त्यांनी दोनदा ऐकलं.

ते जेवताना म्हणाले, तिकडचा कोष जाड असतो का विचार. म्हणून विचारते.

उजव्या कानाचं तुम्ही कळवलंत ते बरं झालं. तीस वर्षं मी डाव्या बाजूनं बोलत आले. मला वाटायचं, मुद्दाम उत्तर देत नाहीत.

थोरला मुलगा कोरब्याला असतो. धाकटी केवरा घरी आहे, तिचं जमत आलंय. तुम्ही लिहायचं तर लिहा, मी वाचीन. पण खांद्याचं पुन्हा लिहू नका. माणूस जिवंत आहे, ओसरीवर बसून हे ऐकतंय.

दुलौरिन


चंपानगर
२० जानेवारी १९८६

महाप्रसादला सीताराम.

होय, इकडचा कोष जाड असतो. धागा भरड निघतो, रंग मात्र आपल्याकडच्यापेक्षा गडद. झालं समाधान? बावीस वर्षांनी माणूस विचारतो काय, तर कोष! तुझ्या तोंडात तेव्हा मूग भरले होते, ते अजून तसेच आहेत.

बरं, तू बोलत नाहीस तर मी बोलतो. मितानीण, पुढचं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी तुमच्यावर सोडतो.

आईची दोन पोरं माझ्याआधी गेली. म्हणून मी झालो तेव्हा तिनं मला सुईणीला सूपभर कोंड्यावर विकलं आणि परत विकत घेतलं, म्हणून मी बिसाहू. विकलेल्या पोराला यम नेत नाही म्हणतात. नेलं नाही खरं. पण विकत घेतलेलं पोर बायकांतच रमायला लागलं. आई आणि बहिणी उकडलेले कोष घेऊन अंगणात बसायच्या, मांडीवर धागा वळायच्या, आणि मी त्यांच्यात घुसायचो. धागा काढणं बायकांचं, विणणं पुरुषांचं. बापानं मला धोट्यानं बडवलं. आळीतली पोरं बायल्या म्हणायची. मला त्याचं काही वाटत नसे असं मी सगळ्यांना सांगायचो, आणि कोष उकडायच्या खोपट्यात जाऊन रडायचो. रडताना तू एकदा पाहिलंस. एक चिंच दिलीस. तेव्हाही तुझं तोंड बंदच.

मग तुझ्या बापाच्या ध्यानात आलं की या पोराच्या मांडीवरचा धागा सगळ्या आळीत एकसारखा आहे. तो माझ्या बापाला म्हणाला, "मारतोस कशाला, देऊन टाक मला." तू मागावर आणि मी अंगणात, असं आपलं सुरू झालं. तू विणलेलं पहिलं लुगडं माझ्या धाग्याचं होतं. लोकच म्हणायला लागले, या दोघांचं इतकं जमतंय तर महाप्रसाद बदून टाका, मैत्रीची गाठ पक्की होईल. तुझा बाप पुरीहून जगन्नाथाचा वाळका भात घेऊन आला. तुळशीपुढं आपल्याला बसवलं. तू माझ्या हातचे दाणे खाल्लेस, मी तुझ्या हातचे. नारळ दिला-घेतला. बायका गात होत्या. फूलदाई, तुझी आई, मला म्हणाली, "आजपासून तू माझ्या पोटचा. याचं नाव आता तुझ्या जिभेला वर्ज्य."

गावानं वाजतगाजत आपलं लग्न लावलं रे, आणि गावाला पत्ता नव्हता. आपल्यालाही नव्हता. आपल्याला कळलं ते चार वर्षांनी, त्याच खोपट्यात, भर दुपारी, पाऊस नाही की काही नाही, नुसता कोषांचा कुबट वास.

मी जे लिहू नये ते लिहितोय. मला तू हवा होतास. मित्र म्हणून, भाऊ म्हणून हवा होतासच, त्याहून जास्त हवा होतास. तुझ्या मानेवरचा घाम मला हवा होता. आपण काय आहोत याला कुणाकडे शब्द नव्हता, फक्त शिव्या होत्या. मला वाटायचं, अख्ख्या दुनियेत मी एकटाच असा. मग तू झालास, म्हणजे दोघं. माझं लहानपणी लग्न लावलेलं होतं, तिचा गौना करून नांदायला घरी आणायला मी नकार दिला आणि तिला दुसऱ्या घरी दिली, तेव्हा लोकांनी माझ्यावर थुंकून घेतलं. तू मात्र मितानिणीला आणलीस. मी तुझ्या वरातीत नाचलो. सगळ्यात जास्त नाचलो.

इथं आल्यावर कळलं, दोघंच नाही, पुष्कळ आहेत. गंगेच्या घाटावर तिन्हीसांजेला माणसं येतात, एकमेकांकडे विडी मागतात. विडी नको असते. बहुतेक जण पोराबाळांचे. त्यात एक रामसरन मास्तर होता, गणित शिकवायचा, भला माणूस. त्याच्या दारावर शाळेतल्या पोरांनी कोळशानं काहीबाही लिहिलं. बायकोनं ते घासून काढलं, पोरांनी पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा तो कपड्यांनिशी नदीत चालत गेला. त्याला खांदा द्यायला आम्ही पाच जण गेलो होतो. लांब उभे राहिलो आणि परत आलो. आमचं नातं काय सांगायचं? म्हणून मी त्या खांद्यामागे लागलोय. मितानीण, माणूस जिवंत आहे हे मलाही कळतं.

आता बैठकीचं. मुखिया मंगतूच्या पुतण्यानं आपल्याला खोपट्यात पाहिलं. वडाखाली समाज बसला. मंगतूनं माझ्याकडे बोट दाखवून तुला विचारलं, "हा तुझा कोण?" आणि मग पुढं, अगदी मायेनं बोलल्यासारखं, "महाप्रसाद म्हणशील तर दोघंही समाजाबाहेर. पंचांसमोर एकदा त्याचं नाव घे, महाप्रसादाचं नातं मोडेल, तू सुटशील." तू पायांकडे बघत होतास. तू म्हणालास, "बिसाहू."

मंगतू म्हणाला, "मागच्यांना ऐकू आलं नाही."

तू पुन्हा म्हणालास, मोठ्यानं.

तुझ्या तोंडून माझं नाव मी चौदाव्या वर्षानंतर ऐकलं नव्हतं. ते कसं वाटलं माहीत आहे? कोण्या परक्याला हाक मारल्यासारखं. त्यानंतर त्यांनी माझा माग फोडला, मला गावाच्या शिवेपर्यंत मारत नेलं, बापानं दार लावून घेतलं, ते सगळं मी विसरलो म्हटलं तरी चालेल. नाव विसरलो नाही.

माफ केलं असं लिहून पत्र संपवणार होतो. खोटं कशाला बोलू? केलेलं नाही. पण मला यायचंय. म्हण एकदा.

बिसाहू


खैरडीह
१४ मार्च १९८६

सीताराम.

सगळं वाचलं. दोनदाच. केवराला बाहेर पाठवलं होतं. वाचताना मध्ये थांबले, पाणी प्याले, परत वाचलं. ते भिंतीकडे तोंड करून ऐकत होते. मला त्यांना असं ऐकताना बघायला आवडत नाही. तरी वाचते.

तुम्ही दोघं मला खुळी समजत होता. मी लग्न होऊन आले तेव्हाच मला कळलं होतं. नवरा संध्याकाळी घरी येताना कुणाकडून येतोय ते बायकोला कळतं. मी बोलले नाही, कारण तुम्ही असताना ते हसायचे. तुम्ही गेल्यावर मला नवरा पुरता मिळाला, आणि तो कशाला हवा होता असं झालं.

तुम्हाला एक ठाऊक नाही. त्या बैठकीत माझे वडील बसले होते. आदल्या दिवशी घरी येऊन सांगून गेले होते की नाव घेतलं नाहीस तर पोरीला घेऊन जाईन. मला तिसरा महिना होता. तुमचं नाव माझ्यासाठी घेतलं गेलं. मी सांगितलं नव्हतं, पण नको असंही म्हटलं नाही. थोरला झाला तेव्हा त्याचं नाव ठेवायला हे पुढे आले नाहीत. दोन्ही लेकरांची नावं मी ठेवली. हे त्यांना बाबू आणि नोनी म्हणतात.

आता वाईट बातमी. शिवरात्रीला दुसरा झटका आला. वाचा गेली. वैद्य म्हणतो, परत यायची नाही. पाणी म्हणता येत नाही, बोट दाखवतात. एकच शब्द येतो. बिसाहू.

भूक लागली तरी बिसाहू. कूस बदलायची तरी बिसाहू. दिवसभर चालू असतं. ओसरीपाशी थांबलं की ऐकू येतं. मंगतू मुखिया अजून जिवंत आहे, काठी टेकत येऊन उभा राहून ऐकून गेला. मी सांगते, लकव्याचं डोकं आहे, काहीही बडबडतं.

तुम्हाला जे म्हणून हवं होतं ते आता त्यांच्याच्यानं होणार नाही. मला वाईट वाटतं.

आणि लगेच येऊ नका. केवराचं लग्न अक्तीला, अक्षय्य तृतीयेला ठरलंय. वरपक्षाचं कुणीतरी रोज येऊन बसतं. अक्ती होऊ द्या, मग या. मी स्वतः कळवते.

दुलौरिन


चंपानगर
२ एप्रिल १९८६

मितानीण, सीताराम. हे त्याला वाचून दाखवू नका.

तुमचं पत्र वाचून मी यासीनशी भांडलो. त्याचा काही संबंध नव्हता, समोर होता एवढंच. मग त्याला सगळं सांगितलं. तो दाढी खाजवत म्हणाला, "जे नाव घेऊन त्यानं तुला घालवलं, तेच आता बोलावतंय. जा की, गाढवा." मी म्हटलं, तुला आमच्यातलं कळत नाही. खरं तर मलाच कळत नाही. एवढे शब्द होते त्याच्या तोंडात, भाकर होतं, मीठ होतं, तुमची लेकरं होती. देवानं सगळे काढून घेतले आणि नेमका तोच ठेवला. शिक्षा कुणाला, त्याला का मला?

येत नाही. केवराचं पार पडू द्या. तिच्या अंगाला हळद लागताना माझं तोंड मध्ये यायला नको. तिच्यासाठी एक कोषाचं लुगडं पाठवतोय. धागा मीच मांडीवर काढलाय, विणलंयही मीच. तुम्ही विकत आणलं म्हणून सांगा.

एकच विचारतो, खरं सांगा. ते नाव तो कसं घेतो? हळू, की मोठ्यानं?

बिसाहू


(पोस्टकार्ड)
खैरडीह, १६ एप्रिल १९८६

सीताराम. लुगडं मिळालं. त्यांच्या डाव्या हातात दिलं. अंगठ्यानं धागा चाचपला. दिवसभर सोडलं नाही, केवरा रुसली.

तुम्ही विचारलंत ते. हळू.

दुलौरिन


चांपा स्टेशन
९ मे १९८६

सीताराम.

या पत्राला पाकीट नाही, तेव्हा यासीनची सुटका झाली.

मयताचं, कोपरा फाडलेलं कार्ड माझ्या हातात पडलं तेव्हा तू जाऊन सहा दिवस झाले होते. अक्तीपर्यंत थांबायला काय झालं होतं तुला? जन्मभर थांबण्यातच घालवलंस, आणि एवढेच दिवस जड झाले? मी उभ्या उभ्या निघालो. हावड्याला गाडी चुकली. आज पहाटे चांप्याला उतरलो तर तुझा दहावा होता. खांदा गेला होता. पाणी तेवढं उरलं होतं.

स्टेशनबाहेर झाडाखाली न्हावी होता. त्यानं विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, महाप्रसाद. त्यानं डोकं भादरलं आणि न विचारता मिशाही काढल्या. सख्खा गेला की काढतात तशा. मला फार बरं वाटलं. तसाच बसमधून गावात आलो. आपली आळी ओळखू आली नाही, सगळीकडे पत्रे. तळं तेच आहे. मे महिन्याचं, अर्धं आटलेलं.

सगळे घाटावर जमले होते. तुझा थोरला पायरीवर बसून भादरून घेत होता. पाठमोरा पाहिला. मान तुझीच. मी पंचा गुंडाळून पायऱ्या उतरायला लागलो तसा मंगतू काठी आडवी घालून उभा राहिला. आता ऐंशीचा असेल, डोळ्यांत मोतीबिंदू. तरी मला ओळखलं. तो माझ्याशी बोलला नाही. बायकांच्या ओळीकडे वळून मितानिणीला म्हणाला, "हा तुझा कोण?"

तेच शब्द रे. म्हाताऱ्यानं एकसुद्धा बदलला नव्हता.

मितानीण ओळीत पहिली होती. तिच्यामागे केवरा. वडाच्या सावलीला वरपक्षाची पाच-सहा माणसं बसली होती, लग्न पुढं ढकललंय, मोडलेलं नाही. सगळे तिच्याकडे बघत होते. मीही बघत होतो. मला वाटलं, ती म्हणेल. जिनं तुला माझं अक्षर न अक्षर वाचून दाखवलं, ती एवढा एक शब्द म्हणेल.

तिनं पदर पुढं ओढला.

मला राग आला. अजून आहे. पण माझ्यामागे केवरा उभी असती, तर मीही पदर ओढला असता. मंगतूनं काठी हलवली, आणि मी वर चढलो.

मग तळ्याला वळसा घालून खालच्या बाजूला गेलो, म्हशी धुतात तिथं. गुडघाभर चिखल. तीळ मी चांप्यालाच घेतले होते. पाण्यात उतरलो, ओंजळ भरली. फूलदाई सांगायची, पाणी देताना नाव घ्यायलाच हवं, नाहीतर पाणी पोचत नाही, वाटेतच भटकत राहतं. जिवंतपणी घ्यायचं नाही आणि मेल्यावर घेतल्याशिवाय चालत नाही, असा आपला धर्म. चौदाव्या वर्षापासून ते नाव जिभेवर आलं की गिळत आलो. तापात गिळलं, दारूत गिळलं. मला भीती वाटली की आता ते येणारच नाही.

आलं. पहिल्यांदा हळू घेतलं, तू माझं घ्यायचास तसं. ओंजळ सोडली.

मग वाटलं, मागच्यांना ऐकू आलं नसेल.

दुसऱ्यांदा मोठ्यानं घेतलं. इतक्या मोठ्यानं की म्हशी बिचकल्या. वरच्या घाटावर सगळं थांबलं. न्हाव्याचा हात थांबला, तुझ्या थोरल्यानं अर्धं भादरलेलं डोकं वळवून पाहिलं. मंगतू काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. मितानीण पाण्यात उतरत होती. तिनं वर पाहिलं नाही. पण ती उजवीकडे सरकली आणि तिच्यामागची सगळी ओळ सरकली, आणि तिनं आपली ओंजळ माझ्या बाजूच्या पाण्यात सोडली. तेवढंच. मी त्याचा फार अर्थ लावणार नाही.

तिसरी ओंजळ देऊन मी निघालो. कुणी अडवलं नाही, कुणी थांबवलंही नाही.

माफ केलं का म्हणशील तर माहीत नाही. तू माझं नाव घेतलंस, मी तुझं घेतलं. आता आपण एकमेकांचे कुणीच नाही, किंवा सगळं काही आहोत. ठरवायला तू असायला हवा होतास, हरामखोरा. मी आता कुणाला कोष जाड आहे म्हणून सांगू?

गाडीला वेळ आहे. पत्ता इतकी वर्षं, म्हणजे इतके महिने, यासीन लिहायचा. आज मी लिहितो, माझ्याच अक्षरात.

मनराखन देवांगन
तळ्याची खालची बाजू
खैरडीह